नुसता सूर

गोरक्ष सनईच्या ताफ्यात आयुष्यभर नुसता सूर धरायचा. गाणं वाजवायचा थोरला भाऊ केरू. गोरक्षनं गाल फुगवून मागे एकच स्वर अखंड ठेवायचा. "तुला दुसरं काय येतं?" असं कुणी विचारलं, की त्याला ते दिवसभर सलायचं.

भीती त्याला एकाच गोष्टीची, आग्या मोहळाची. चौऱ्याण्णव साली एका लग्नाला जाताना हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर कड्याखालून जावं लागलं. वर मधमाश्यांची काळी पोळी लटकत होती. गोरक्षनं केरूची विडी हिसकावून विझवली, त्याच्या कानातला अत्तराचा फाया काढून फेकला आणि सगळ्यांना घोंगड्या पांघरायला लावल्या. "माशी बसली तरी हात झटकायचा न्हाई. गप चालायचं," तो पुटपुटला.

कड्याखाली मात्र तो स्वतःच थांबला. वरून हजारो माश्यांचा एकच स्वर उतरत होता, कुठंच न तुटणारा. त्यानं डोक्यावरची घोंगडी सरकवली आणि वर बघत राहिला. केरूनं त्याला ओढतच पुढं नेलं.

कडा मागे पडल्यावर केरू खेकसला, "मरायचं हुतं का?"

"दादा," गोरक्ष म्हणाला, "एवढ्या जनी नुसता सूर धरत्यात. गाणं वाजवनारी त्यात एक बी न्हाई."