नागपूरहून येणारी काच

खड्यानं टिचलेल्या, ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या गाडीच्या काचेवर मी माठातलं गार पाणी ओतलं. एवढी मी हुशार! पुढची काच आरपार तडकली. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना शेतात फुटलेला कापूस गाडीतून एकदा बघायचा होता आणि काचेविना धूळ त्यांना सोसली नसती. मारेगावचा मेकॅनिक म्हणाला, "जुनी काच आजच बसवून देतो, अर्ध्या पैशात. नवी पाह्यजे तं नागपूरवरून याले आठ दिवस लागतीन." "ओरखड्यांची काच? लोक हसतील!" मी महाराणीनं नाक मुरडलं. नवी काच यायच्या आत सासरे गेले. काच बसली त्या दिवशी सासूबाई तिच्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "लय साफ दिसते वं पोरी. आता कापूस कोणाले दाखवतं?"