ड्रायरमधला करपट वास

मानपाड्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात मक्याच्या स्टार्चवर रासायनिक प्रक्रिया करतात. पुढे तो सॉसमध्ये, कागदात, औषधाच्या गोळीत जातो. धुतलेला ओला माल गरम हवेच्या झोताबरोबर उंच नळीतून वर जातो आणि पलीकडे कोरडं पीठ होऊन खाली पडतो. त्या ड्रायरची शिफ्ट मी सांभाळते. ते पीठ दिसायला गरीब, पण हवेत उडालं आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो. डोंबिवलीकराला स्फोट म्हणजे काय ते समजवावं लागत नाही. कोपरला आमच्या घरी दार आपटलं तरी आई उठून गॅलरीत जाते.

भावाची नोकरी सुटली तेव्हा मी भावजयीला आमच्याकडे पॅकिंगला लावलं. आई म्हणालेली, "एका घरातल्या दोघी एकाच छपराखाली कशाला?" मी हसून विषय टाळला.

एका दुपारी जेवून परत आले, तर वास आला. तव्यावर भाकरी विसरावी तसा.

"मघापासून येतोय मॅडम," ऑपरेटर म्हणाला. "मला वाटलं कँटीनमधून."

आम्ही दोघं पॅनेलकडे बघत राहिलो. ड्रायरमधून बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान हळूहळू चढत होतं. आत कुठेतरी चिकटलेलं पीठ जळायला लागलं असणार. मी साहेबांना फोन लावला.

"आज माल जायचाय," ते म्हणाले. "जरा चालू ठेवून बघ."

"साहेब, आत जळतंय."

"तुला दिसलं का?"

"दिसेपर्यंत थांबू?"

मी फोन ठेवला आणि लाल बटण दाबलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बर्नर, पंखे, सगळं बंद पडलं, आणि त्या शांततेचीच जास्त भीती वाटली. ऑपरेटरने आग दडपायला आत वाफ सोडली, मी सगळ्यांनी बाहेर पडायचा भोंगा दिला. तेवढ्यात फिटर पाना घेऊन आला. "झाकण उघडून बघू या ना."

"हात लावू नकोस!" मी एवढ्या जोरात ओरडले की त्याच्या हातातून पाना पडला. झाकण उघडलं तर हवा आत जाईल, पीठ उडेल. त्यालाही ते माहीत होतं. घाबरल्यावर सुचत नाही.

आम्ही गेटवर आलो. सगळे होते, भावजय नव्हती.

"आत्ता तर माझ्या मागे होती," तिची मैत्रीण म्हणाली.

मी परत आत धावले, तर वॉचमन आडवा आला. "मॅडम, कुणाला आत सोडू नको म्हणून तुम्हीच सांगितलंत ना?"

तिचा मोबाइल लॉकरमध्ये. भावाला काय सांगायचं, आईला कसं सांगायचं, याची वाक्यं डोक्यात आपोआप जुळायला लागली. स्वतःचीच किळस आली. ड्रायरच्या शेंड्यावरून नजर हलवायची हिंमत होत नव्हती.

मग कंपाउंडच्या बाहेरून, टँकर उभे असतात त्या बाजूने ती चालत आली. भुवयांपर्यंत पांढरी.

"ताई, मी मागच्या दाराने निघाले. पुढे आग असेल असं वाटलं."

"गेटवर यायचं कळत नाही तुला? अक्कल आहे का?" सगळ्यांसमोर मी तिला बोलले. ती रडायला लागली. मी तिचा दंड घट्ट धरून ठेवला होता. ते ती "दुखतंय ताई" म्हणाली तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी ड्रायर थंड झाल्यावर उघडला. नळीच्या वळणावर नारळाएवढा काळा गोळा निघाला. फोडला तर आतून अजून कोमट. साहेब आले, बघून म्हणाले, "साफ करून घ्या." फोनचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही.

आईला आम्ही सांगितलं नाही. भावजयीला मी तुझ्यासाठी ऑफिसात काम बघते म्हटलं, तर ती म्हणाली, "तिकडे नको ताई, इथे बायका चांगल्या आहेत." म्हणून आम्ही अजून एकाच रिक्षातून जातो. ती मैत्रिणींच्या गोष्टी सांगते. मी हूं हूं करते, आणि कारखान्याचं वळण आलं की रिक्षाच्या उघड्या बाजूने तोंड बाहेर काढून हवा हुंगते.