बाहुलीची पोत

भूत, भानामती आणि लग्नातली भाषणं... यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. पहिल्या दोन बाबतींत थोडं नरमावं लागलं, त्याची ही हकीकत.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. आम्ही धुळ्याला देवपुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. माझी थोरली बहीण, अक्का, बी.एस्सी. झालेली. जळगावकडचं स्थळ बघायला आलं, तेव्हा मुलाच्या आईने एकच विचारलं – "शिकेल शे, पन पोरले हातनं काम येस का?"

अक्काने सुई कधी धरली नव्हती. लग्न ठरलं तसं तिने जाहीर केलं, "रुखवतात माझ्या हातची नवरी-बाहुली असेल. कोणी टाकासुद्धा घालायचा नाही."

मांजरपाटात कापूस भरून अंग झालं. त्यावर परकर, त्यावर साडी, साडीवर जरीचा काठ. समोरच्या मारवाडी दुकानातल्या भाभींनी गोट्याची चकचकीत फीत दिली, ती काठावर. गोट्यावर टिकल्या, टिकल्यांवर मोती. बाहुली एखाद्या संस्थानिकासारखी दिसू लागली, म्हणजे आधाराशिवाय उभी राहीना. शेवटी अक्काने काळ्या मण्यांची पोत तिच्या गळ्यात घट्ट गाठून बांधली आणि बाहुली काचेच्या कपाटात ठेवली. किल्ली माझ्याकडे.

सकाळी पोत बाहुलीच्या पायाशी. गाठ तशीच! घेर अंगठीहून जरा मोठा, आणि डोकं अंबाड्यासकट पेरूएवढं.

मी उंदरांवर संशय घेतला. पण गाठ न सोडता दागिना उतरवणारा उंदीर माझ्या वाचनात नव्हता. अक्काने पोत कापून पुन्हा बांधली. पुन्हा पायाशी. मग तिने ती मानेलाच शिवली... सकाळी मानेवर टाके शाबूत, पोत खाली.

लग्नासाठी आलेली मावशी अक्काला म्हणाली, "मुहूर्ताआधी नवरीच्या गळ्यात पोत घालतं का कोणी? तिला कळतं, तुला कळत नाही."

"मावशी, आत कापूस आहे," मी म्हणालो.

"तुझ्या डोक्यात काय आहे मग?"

अक्का दोरा ओवत राहिली. लग्नाच्या सकाळीसुद्धा, अंगाला हळद असताना, तिने पोत बांधली. काचेच्या कपाटासकट बाहुली रुखवतात मांडताना मी पाहिलं – पोत पायाशीच. मी कपाटाला कुलूप लावलं आणि अक्षता टाकायला गेलो.

मंगळसूत्र बांधून झालं. वरमाय रुखवत बघायला आली, मागे अक्का. पोत बाहुलीच्या गळ्यात होती. गाठीसकट. किल्ली माझ्या खिशात.

वरमायने गोटा, मोती, टिकल्या न्याहाळल्या आणि मान हलवली. "ही ते विकत आनेल शे."

अक्काचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. तिने माझ्याकडून किल्ली घेतली, बाहुली काढली, आणि भर मांडवात गोटा, काठ, साडी, परकर एकेक वर करत मांजरपाटाची शिवण सासूच्या डोळ्यांसमोर धरली.

सासूने शिवणीवरून बोट फिरवलं. "टाका वाकडा शेतस," ती म्हणाली. "घरनीच शे." आणि पहिल्यांदा हसली.

पोत त्यानंतर कधी उतरली नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही.

उंदरांवरचा माझा संशय मात्र अगदीच चुकीचा नव्हता. पुढे जळगावच्या घरी त्यांनी बाहुली खाल्ली. पोत तेवढी ठेवली.