आक्कांच्या हातचं पाणी

आक्कांच्या दारात कुणीही आलं तरी आधी पाण्याचा पेला पुढे यायचा, मग नावगाव विचारलं जायचं. वीजमीटर बघायला आलेला माणूसही यातून सुटत नसे. भरे गावात आम्ही त्यांच्याकडे भाड्यानं राहायचो. घरमालकीण खऱ्या, पण भाड्यापेक्षा आमच्या पोटात कसलं पाणी जातं याचीच त्यांना काळजी.

आम्हाला सगळ्यांना त्यांच्याच बोअरचं पाणी. टाकीत टाकलेलं औषध नळापर्यंत पोचलं का, हे बघायला त्यांच्या मुलानं पिरंगुटहून तपासणीचा डबा आणून दिला होता. थोड्या पाण्यात बाटलीतले थेंब टाकायचे. पिवळं झालं की टाकी ठीक, पण तपासलेलं पाणी मात्र चुकूनही प्यायचं नाही, कारण थेंबांत आम्ल असतं. डब्यातली काचेची नळी फुटली तशा आक्का घरातलाच पेला वापरू लागल्या. मी कुरकुरायची. "घासून घेते की गं," म्हणायच्या.

एकदा बाहेरून कुणीतरी हाक मारली आणि त्या पिवळा पेला ओट्यावर ठेवून दाराकडे गेल्या. माझी चार वर्षांची मनू सरबत समजून तो तोंडाला लावणार, तोच आक्का वळल्या आणि त्यांनी पेला हातातून उडवला. काचा झाल्या. आक्का मनूचं तोंड उघडून उघडून बघत होत्या. "गिळलं न्हाईस नव्हं? खरं सांग माझे बाय." तिनं गिळलं नव्हतं.

त्यानंतर नवी नळी आली, तिला लाल दोरा बांधला गेला आणि डबा माळ्यावर गेला. तपासणी चालू असली की दारातल्या पाहुण्यालाही आतूनच ऐकू यायचं, "थांबा वाईच, हातात इखाचं पानी हाय." ते मोरीत ओतून, हात धुऊन मगच त्या बाहेर येत.

पण पुढे आक्का विसरू लागल्या. नमुना ओतला की कुठे ठेवला, आठवेना. शंका आली की भरलेले हंडे, माठ, सगळं ओतून द्यायच्या आणि रिकाम्या भांड्यांत रडवेल्या बसायच्या. मला त्यांची भीती वाटायची आणि तशी वाटते म्हणून स्वतःचा रागही यायचा.

आम्ही चांद्याला राहायला निघालो तेव्हा त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "ने ह्यो. माझा मला भरवसा न्हाई ऱ्हायला." मग सवयीनं आत जाऊन पाणी आणलं. त्यांच्यादेखत निरखून कसं बघायचं? मी तसाच पेला ओठाशी नेला, तर त्यांनी मनगट धरलं.

"आदी उजेडात धर."

मी धरला. दोघींनी बघितलं. पाणी नितळ होतं.

"आता पी," आक्का म्हणाल्या.