शिडी मी धरली होती

तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात मी मेन्टेनन्सचा सुपरवायझर होतो. माझ्या हाताखाली नेऱ्याचे एक फिटर होते, वयानं माझ्याहून बरेच मोठे. मी त्यांना काका म्हणायचो.

त्या सकाळी वाफेच्या पाइपवरचा एक व्हॉल्व्ह गळत होता. उंची बारा फूट. काम दहा मिनिटांचं, म्हणून परांची बांधली नाही. काका शिडीवर चढले, मी खालून शिडी धरली. तेवढ्यात माझा फोन वाजला. मशिनच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून शिडी सोडून चार पावलं बाजूला गेलो. खांदा कॉलनीतून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बोलत होते. पाण्याचा टँकर किती वाजता बोलवायचा, म्हणून विचारत होते. मी "चारला" म्हणालो आणि मागे शिडी फरशीवर आपटली.

काका टाचांवर पडले होते. ओरडले नाहीत. "साहेब, पाय नाय हालत," एवढंच म्हणाले. उजव्या टाचेचं हाड फुटल्याचं हॉस्पिटलमध्ये कळलं.

अपघाताचा अहवाल मलाच लिहायचा होता. काकांनी जबाब दिला, "पाय सटकला." मी तेच लिहिलं. शिडी कोणी धरली होती, या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. धरली तर होतीच, अशी मनाची समजूत घातली.

तीन आठवडे कसेबसे काढले आणि नेऱ्याला गेलो. काका ओटीवर उशीवर पाय ठेवून बसले होते. त्यांची बायको चहा देऊन आत गेल्यावर मी म्हणालो, "काका, मी शिडी सोडली होती."

"माहीत हाय. वरून दिसतं सगलं."

"मग जबाबात सांगितलं का नाही?"

"तुमी सांगाल, असं वाटलं." मग कपाकडे बघत म्हणाले, "च्या घ्या, निवतोय."

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरना नवा अहवाल दिला.

"झालं ते झालं. आता कशाला उकरता?" ते म्हणाले.

मी कागद टेबलावर ठेवून बाहेर आलो. मला मेमो मिळाला, स्टोअरमध्ये बदली झाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. बरंही वाटलं नाही.

काका पाच महिन्यांनी कामावर आले. किंचित लंगडतात. शिडीवर चढत नाहीत. वर्कशॉपमध्ये बसून व्हॉल्व्ह दुरुस्त करतात. सांध्यात बसवायचं गॅस्केट लागलं की स्टोअरच्या खिडकीशी येऊन मला माप सांगतात. मी काढून देतो.