क्लचचा लिव्हर मी धरला होता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — विलास तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझा साडू. आणि आधीच सांगून टाकतो, तो मला आवडत नाही. तेव्हाही नव्हता, आजही नाही.

उज्जैनला आमची घरं एकाच गल्लीत. विलासची नोकरी सुटली होती. देवास गेटजवळ मोटरसायकलींचं गॅरेज टाकायचं त्याच्या मनात होतं. गाळाही बघून ठेवला होता. बाकी सगळं काम त्याला येत होतं, पण तेलावर चालणाऱ्या क्लचला कधी हात लागला नव्हता. म्हणाला, आधी स्वतःच्या गाडीवर करून बघतो, जमलं तर गाळा घेतो.

या क्लचला तार नसते. नळीतलं तेलच जोर पोचवतं, आणि तेलात हवा शिरली की क्लच लागत नाही. ती काढायला दोन माणसं हवीत — एकाने हँडलवरचा लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्याने खालचा स्क्रू ढिला करून बुडबुडे बाहेर जाऊ द्यायचे आणि स्क्रू पुन्हा आवळायचा. आवळेपर्यंत लिव्हर सोडायचा नाही. सोडला, तर हवा परत आत.

लिव्हर मी धरायचो.

मग मी जे केलं, ते का केलं? एका बारशाच्या पंगतीत तो म्हणाला होता, "साडूभाऊ स्कूटरचा प्लगसुद्धा मिस्त्रीकडून बदलून घेतात. इनके बस का नहीं है." सगळे हसले. माझी बायकोही. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं — नाही सापडलं.

तीन रविवार. तो खाली वाकलेला, मला दिसायची फक्त त्याची घामेजलेली मान. "दबाओ... पकडून ठेवा, साडूभाऊ..." आणि त्याने "बंद" म्हणायच्या किंचित आधी मी बोटं सैल करायचो. रागाने? नाही हो, अगदी शांतपणे. त्याने वायसर बदलले, नवं तेल भरलं. लिव्हर पोकळच लागायचा.

तिसऱ्या रविवारी त्याने मान वर केली.

"साडूभाऊ, तुमचा हात तर सुटत नाही ना?"

"माझा? तूच स्क्रू उशिरा आवळतोस."

तो आपल्या बोटांकडे बघत राहिला. "हां... मेरा ही हाथ भारी है," म्हणाला.

गाळा दुसऱ्याने घेतला. विलास आता राम घाटाजवळच्या एका लॉजवर यात्रेकरूंना खोल्यांच्या चाव्या देतो. घरातला नळ गळला तरी माणूस बोलावतो. मला बरं वाटलं का? वाटलं — काही महिने, चांगलंच.

स्क्रू तो वेळेवरच आवळत होता. तिन्ही रविवारी, दर खेपेला.