सगळ्यांत मोठ्याने मीच हसले

मंडळी, धुळ्यातल्या सायबर कॅफेतून घाईने लिहितेय. विज्ञानकथांच्या आपल्या या गटाशिवाय हे सांगायला मला कोणी नाही.

आज सकाळी दोंडाईच्याहून पाहुणे मला बघायला आले. आईने तुमच्या मेलच्या छापील प्रती आधीच गव्हाच्या कोठीत दडवल्या होत्या. पोहे झाले, बोलणं संपलं, म्हणून नानांनी टीव्ही लावला. कुठलीशी विनोदी मालिका चालू होती.

त्यात आपल्यासारखाच एक जण. म्हणजे जाड भिंगाचा चष्मा, डोक्यावर चाळणी आणि तिला बांधलेली अँटेना. गोठ्यातली म्हैस परग्रहावरून आलीय असं समजून तो तिला नमस्कार करतो आणि शेणात पडतो. आपल्यातला माणूस दाखवायचा म्हटलं की या लोकांना तो शेणातच का पाडावा लागतो, देव जाणे.

सगळे हसले. मुलाची मोठी बहीण, अक्का, मला म्हणाली, "असा लोके खरंच ऱ्हातस का वं?"

मुलगा मात्र हसला नाही. त्याने पडद्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. मी घाबरले, आणि सगळ्यांत मोठ्याने हसले.

दुपारी अक्काचा निरोप आला. पोर बठ्ठास्ले आवडनी, म्हणजे मी सगळ्यांना पसंत, पण मुलगा नको म्हणतो. कारण सांगत नाही.

मंडळी, आपण इथे टोपणनावांनी लिहितो. तुमच्यात दोंडाईच्याचं कोणी आहे का? असलात तर एवढंच सांगायचंय, त्या कोठीत तुमचीही पत्रं आहेत.